घरपोच हापूसची पेटी : फळाला पूर्ण गुण, माहितीला निम्मे

कोल्हापुरात राजारामपुरीतील एक फळविक्रेते गेल्या काही हंगामांपासून देवगड आणि रत्नागिरीचा हापूस घरपोच देतात. फेब्रुवारीच्या अखेरीस नोंदणी सुरू होते, मार्च सरता सरता पेट्या येऊ लागतात आणि पाऊस पडेपर्यंत हा व्यवहार चालतो. दुकानाचे नाव येथे देत नाही; मे महिन्यात त्या गल्लीत ज्यांची गाडी अडकली आहे, त्यांना ते सांगावे लागणार नाही. विक्रेत्यांचा दावा असा, की त्यांचा आंबा बागेतून थेट ग्राहकाच्या घरी येतो, मध्ये दलाल नाही, बाजार समितीतील सौदा नाही आणि पेटीवरच्या क्यूआर कोडमधून फळाचा सगळा प्रवास कळतो. फळबागांमध्ये राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा अभ्यास हे माझे काम असल्यामुळे या दाव्याच्या शेवटच्या भागाने माझे कुतूहल चाळवले. २०२५ च्या हंगामात या सेवेचा आंबा घरी आणला, प्रत्येक पेटीचा कोड तपासला, दुकानात बसून माल उतरताना पाहिला आणि ग्राहकांसाठी काढलेल्या बागेच्या सहलीलाही गेले.

आधी फळाबद्दल लिहिते, कारण पैसे त्याचेच मोजलेले असतात. एक डझनाच्या पुठ्ठ्याच्या पेटीला एप्रिलच्या मध्यात ९०० रुपये पडले. त्याच आठवड्यात लक्ष्मीपुरीत हातगाडीवर जो माल देवगड म्हणून विकला जात होता, त्यापेक्षा हा भाव बराच चढा होता. मात्र पेटीवर २५० ते २८० ग्रॅम असा वजनगट छापलेला असेल, तर आतली फळे खरोखर त्याच वजनाची निघाली. वरच्या थरात टपोरी आणि तळाला लिंबाएवढी, हा पेटीच्या व्यापारातला जुना उद्योग येथे आढळला नाही. फळे भाताच्या पेंढ्यात ठेवलेली होती, सालीवर चिकाचे काळे ओघळ नव्हते, आणि प्रत्येक आंब्याला बोटाच्या पेराएवढा देठ शिल्लक होता. आंबे खाण्याजोगे व्हायला घरी सुमारे आठवडा लागला. कार्बाइडने पिकवलेला आंबा वरून एकसारखा पिवळा दिसतो आणि आत कोयीजवळ आंबट राहतो. तसे एकही फळ निघाले नाही. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे आणि इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. हे विक्रेते मात्र दोन्हीच्या वाटेला न जाता कच्चा आंबाच ग्राहकाच्या हाती देतात आणि पिकवण्याचे काम त्याच्याच घरावर सोपवतात. अक्षय्य तृतीयेला आमरस हवाच अशी ज्यांची गणिते असतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात घेऊन नोंदणी करावी.

साका मात्र निघाला. साका म्हणजे गराच्या आत स्पंजासारखा पांढुरका, बेचव भाग; तो बाहेरून कळत नाही, सुरी लावल्यावरच दिसतो, आणि हापूसचा हा दोष तसा सर्वपरिचित आहे. तापलेल्या कातळातून आणि जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध असल्याचे मानले जाते. फळ झाडावर पूर्ण पिकू दिले तर साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून चौदा आणे तयार झालेले, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व झालेले फळ काढावे अशी शिफारस केली जाते. साका निघालेल्या आंब्याचे छायाचित्र पाठवल्यावर विक्रेत्यांनी वाद न घालता पुढच्या पेटीत तितकी फळे वाढवून दिली. कोल्हापुरात फळविक्रेत्याकडून ही अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही, त्यामुळे या वागणुकीचे कौतुक वाटते.

कर्नाटकातील हापूसबाबतही त्यांची वागणूक सरळ आहे. कोल्हापूर सीमेलगतचे शहर. धारवाड परिसरातला आंबा सहज येथे पोचतो आणि हंगाम रंगात आला की त्यातला काही माल देवगडच्या नावाने खपतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते. या दुकानात कर्नाटकाचा आंबा वेगळ्या पाटीखाली, वेगळ्या भावाने आणि स्वतःच्या नावाने विकला जातो. रसासाठी मी तोच घेते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता त्या कोडविषयी. मोबाइलवर उघडणाऱ्या पानावर बागेचे गाव, बागायतदाराचे नाव, कलमांचे वय, काढणीची तारीख, पेटी भरल्याची तारीख आणि वजनगट एवढी माहिती असते. सोबत कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या मालकाचे छायाचित्र असते. काढणीची तारीख ही यातली सर्वांत उपयोगी नोंद आहे, कारण आंबा किती दिवसांत खाण्याजोगा होईल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. परंतु काढणी कोणी केली, याविषयी त्या पानावर अवाक्षर नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकाच्या हौसेतून आलेला नाही. वर ज्या गुणांसाठी मी या पेटीला चांगले म्हटले, त्यातले जवळपास सगळे काढणाऱ्याच्या हातात असतात. फळ चौदा आणे झाले की नाही, हे फांदीवर उभे राहून किंवा खालून मान वर करून, देठाजवळचे खांदे भरलेत का आणि सालीचा रंग उजळलाय का यावरून एका नजरेत ठरवावे लागते. झेला म्हणजे टोकाला पाते आणि जाळी असलेली लांब काठी; तिच्या पात्याने देठ राखून कापावा लागतो; देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तेथे डाग पडतो. कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला तो याच कामासाठी, पण झेला हाती असला म्हणून नजर येत नाही. उन्हे चढण्यापूर्वी काढणी आटोपावी लागते, फळ जमिनीवर पडू द्यायचे नसते, आणि जुनी कलमे उंच असतील तर हे सगळे झाडावर चढून साधायचे असते. दुकानदारांनी पहिल्याच भेटीत मला अभिमानाने सांगितले, ‘‘ताई, आंबा नका बघू, आधी देठ बघा की. देठावरनं माल कळतो.’’ त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच देठ राखणारा त्या पानावर नसणे अधिक खटकते.

कोकणातल्या आंबा बागांमध्ये हे काम आज मोठ्या प्रमाणावर नेपाळी मजूर करतात. पश्चिम नेपाळातून बनबसा किंवा रुपईडिहाच्या नाक्यावरून भारतात येऊन, रेल्वेने आणि बसने प्रवास करत ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पोचतात. बहुतेकांचे येणे दसैं आणि तिहार हे सण घरी करून, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपास होते आणि जाणे असार महिन्यातल्या भातलावणीच्या आधी. मधल्या सात-आठ महिन्यांत गवत काढणे, फवारणी, वानरांपासून आणि चोरांपासून राखण, काढणी, पेट्या उचलणे ही सगळी कामे त्यांच्याकडे असतात. राहणे बागेतल्या मांगरात, म्हणजे साध्या खोपटात. अनेकदा नवरा-बायको जोडीने आणि लहान मुलासह. रत्नागिरीच्या मच्छीमार नौकांवरही नेपाळी खलाशी असतात, म्हणजे कोकणच्या दोन्ही मोठ्या उत्पन्नांचा भार एकाच देशाच्या माणसांवर आहे. ज्या कोकणातला तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेला आणि जिथली घरे मनीऑर्डरवर चालली, तिथली बाग राखायला हजारभर मैलांवरून माणूस यावा, यात तसे आश्चर्यही नाही.

१९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे या मजुरांना व्हिसा लागत नाही, ही त्यांची सोय आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुराचा विचार करून लिहिला गेला. देशाबाहेरून आलेला माणूस त्या चौकटीत बसतच नव्हता. आणि गंमत अशी, की हा मजूर सर्वस्वी अनामिक आहे असेही नाही. बागेत परप्रांतीय माणूस ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याच्या सूचना बागायतदारांना असतात. जे नाव ठाण्याच्या वहीत जाते, ते आंब्याच्या पेटीवर येत नाही एवढेच.

कोल्हापूरच्या ग्राहकाकडून ही विचारणा होणे मला अवघड वाटत नाही, कारण उसाच्या बाबतीत आपण हे सारे जाणतो. बीडकडची टोळी कधी उतरली, मुकादमाने उचल किती दिली, कोयत्याला काय पडते, याची चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीवर होते. दराचा प्रश्न तर दरवर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपर्यंत जातो. ऊसतोड मजुरांचे हाल त्यामुळे थांबले असे नव्हे. पण ते कोणाला माहीतच नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही, कारण त्यांच्या खोपी आपल्या शिवारात असतात आणि बैलगाड्या आपल्याच रस्त्यावरून जातात. आंब्याचा मजूर सह्याद्रीच्या पलीकडे राहतो. गगनबावडा किंवा आंबा घाट चढून वर येते ती फक्त पेटी.

सहलीत हे अधिक स्पष्ट झाले. सहल उत्तम होती, हेही सांगितले पाहिजे. पहाटे कोल्हापुरातून निघून न्याहारीला कोकणात, कातळावरच्या बागेत फेरफटका, दुपारी सोलकढी आणि फणसाची भाजी असलेले जेवण, परतताना सवलतीत पेट्या. मुलांना झेल्याने एकेक आंबा काढू दिला गेला आणि छायाचित्रे निघाली. झेला मुलांच्या हातात देणारा आणि तो धरायचा कसा हे खुणांनी दाखवणारा माणूस नेपाळी होता. सगळ्या कार्यक्रमात सर्वांत जास्त कौशल्य त्याच्याकडे होते, पण त्याची ओळख करून देण्याचे कोणाला सुचले नाही. जेवणानंतर पाहुणे झाडाखाली पहुडले तेव्हा मी मांगराकडे गेले. तेथे कळलेली एक गोष्ट ग्राहक म्हणून सर्वांनाच कामाची आहे. पेटीवर ज्या बागायतदाराचे नाव आणि छायाचित्र येते, त्याने ही बाग त्या वर्षी कराराने दिलेली होती. फवारणी, राखण, मजुरी आणि काढणी हे सगळे करार घेणाऱ्या व्यापाऱ्याचे होते. कोकणात ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात बेकायदा काही नाही. खर्च आणि हवामानाची जोखीम मालकाच्या डोक्यावरून उतरते, म्हणून अनेकजण ती पत्करतात. परंतु मग मध्ये कोणी नाही, हा दावा टिकत नाही. दुकानदारांना हे विचारले तेव्हा त्यांनी नाकारले नाही. फळ त्याच बागेचे आहे, मग नाव मालकाचे दिले तर बिघडले काय, असे त्यांचे उत्तर होते. मजुरांबद्दल मात्र, तो आमच्या व्यवहाराचा भाग नाही, एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. भावातला किती हिस्सा बागेकडे जातो, हेही त्यांनी सांगितले नाही. फळे आणि भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून अशा घरपोच व्यवहाराला मोकळीक मिळाली, ती चांगलीच गोष्ट आहे; पण मार्केट यार्डातल्या सौद्यात निदान पुकारलेला भाव चारचौघांना ऐकू येतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, पडते. येथे दोन्ही नाही.

या सेवेची खरी परीक्षा मे महिन्यात झाली. २०२५ मध्ये आंबा मुळातच उशिरा आणि कमी आला होता. विक्रेत्यांनी ग्राहकांना पाठवलेल्या संदेशात ‘हवामान बदलामुळे’ एवढेच कारण होते, जे खोटे नाही, पण अपुरे आहे. हापूसला मोहोर येण्यासाठी पाऊस वेळेवर थांबून जमिनीला ताण बसावा लागतो आणि रात्री थंड व्हाव्या लागतात. पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी फुटते. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत थंडी रेंगाळली तर आधीच्या मोहोरावर वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळे धरलेली असताना त्याच फांदीला पुन्हा मोहोर येतो आणि झाडाचा जोर तिकडे वळून लहान फळे गळून पडतात. मग मार्चमधला उन्हाचा चटका उरलेल्यांना भाजून काढतो. ढगाळ हवेत तुडतुडे आणि फुलकिडे वाढतात, म्हणून वेळापत्रकाबाहेरच्या फवारण्या कराव्या लागतात. २०१९ चे क्यार, २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते या वादळांचे तडाखे वेगळेच.

या प्रत्येक बिघाडाचा हिशेब बागायतदार खर्चात मांडतो आणि ग्राहकाला तो भावात कळतो. मांगरात तो कामाच्या रूपाने येतो. मोहोर दोन-तीन टप्प्यांत आला की काढणीही तितक्याच टप्प्यांत विखुरते आणि तेच कलम पुन्हा पुन्हा चढावे लागते. फवारण्या वाढल्या की पाठीवर पंप आणि तोंडाला जेमतेम फडके अशा अवस्थेतले तासही वाढतात. राखण लवकर संपत नाही. आणि पाऊस आधी आला तर झाडावरचा माल दोन-चार दिवसांत उतरवण्यासाठी भर उन्हात, ओल्या फांद्यांवर, जी धावपळ होते तिच्यात घसरण्याचा धोका असतो. नेपाळी मजुराचे वर्ष दोन पावसाळ्यांमध्ये बांधलेले आहे: कोकणातला पाऊस त्याला येथून सोडतो आणि नेपाळातला पाऊस त्याला शेतात बोलावतो. यातला कोणताही एक सरकला की त्याची रजा, उरलेल्या पगाराचा हिशेब आणि तिकडची लावणी यांची सांगड विस्कटते.

त्या वर्षी मॉन्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात पोचला आणि त्याच्याही आधी कोकणात वळवाने हजेरी लावली होती. पाऊस लागलेल्या आंब्यात फळमाशीचा उपद्रव वाढतो. वरून ठाकठीक दिसणाऱ्या फळात कापल्यावर अळी निघते. बागेत रक्षक सापळे लावलेले असले, तरी मेअखेरचा माल या दृष्टीने जोखमीचाच. याच कारणाने २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात काही काळ बंद केली होती, हे जाणकारांना आठवत असेल. विक्रेत्यांनी नोंदवलेल्या उशिराच्या पेट्यांपैकी काही रद्द करून पैसे परत केले, हे योग्यच झाले. काहींना मात्र न विचारता दुसऱ्या गावचा, लहान वजनगटाचा माल पाठवला आणि कोड जुन्याच बागेचा राहू दिला. कोड हीच या सेवेची ओळख असताना ही ढिलाई क्षम्य नाही. तक्रारीनंतर फरकाची रक्कम मिळाली. ती मागावी लागली, हा मुद्दा उरतोच.

घरपोच वाटपाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मुले वेळेवर येतात, पेटी उघडून दाखवतात, पैसे रोख किंवा यूपीआयने चालतात. २०२४ च्या हंगामात करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद असताना गाड्या भुईबावडा किंवा फोंडा घाटाने वळवाव्या लागत आणि माल हेलकावे खात यायचा, असे दुकानातील कामगार सांगतात. या खेपेला तो प्रश्न दिसला नाही. हंगाम संपल्यावर हेच दुकान तासगावची द्राक्षे, सांगोल्याचे डाळिंब आणि हिमाचलचे सफरचंद विकते. त्यांच्या पेट्यांवर कोड नाही. सफरचंदाच्या बागांतही नेपाळी मजुरांचाच आधार असतो, हे जाता जाता नोंदवते.

विक्रेत्यांना मी लेखी सुचवले आहे, की पानावर बाग कराराने दिलेली असल्यास तसे लिहावे, काढणी करणाऱ्या गटाची नोंद त्यांच्या संमतीने द्यावी आणि हंगामाच्या शेवटी त्यांचा पूर्ण हिशेब चुकता झाला का, हे बागेकडून लिहून घ्यावे. पहिली सूचना त्यांनी मान्य केली आहे. दुसरीला ग्राहक विचारत नाहीत म्हणून काही होणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा ज्यांना ही पेटी घ्यायची असेल, त्यांनी नोंदणी करतानाच बाग मालक चालवतो की करारदार आणि काढणी कोण करते, हे दोन प्रश्न विचारावेत. चार ग्राहकांनी विचारले तर उत्तर तयार ठेवणे त्यांना भाग पडेल. फळासाठी विचाराल तर १० एप्रिल ते १० मे या काळातली पेटी बिनधास्त घ्यावी. त्यानंतरची घेताना पावसाचा अंदाज पाहावा आणि पेटी बदलायची झाल्यास आधी फोन करण्याचे कबूल करून घ्यावे. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने ते नीट पिकत नाहीत; पेटीतलाच पेंढा पसरून त्यावर एका थरात मांडावेत आणि रोज उलटून पाहावेत.